संगणकाची वॉरंटी : चिकित्सालय व औषधालयाच्या दृष्टीने

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपणा सर्वांस पाठ आहेत. संगणकाला या चौघांच्या पंक्तीत बसविण्याचा आमचा हेतू नाही. तथापि चिकित्सालयातील रुग्णनोंदी, औषधालयातील बिले व साठा, मुदत संपत आलेल्या मालाची यादी, पंचकर्म विभागाचे वेळापत्रक या साऱ्याचा भार आज त्याच्यावर आहे, आणि तो एक दिवस बंद पडला तर उपस्थाता रजेवर गेल्याहून अधिक खोळंबा होतो, हे कोणीही मान्य करील. असे असूनही संगणक विकत घेताना आपली चौकशी किंमत आणि 'वॉरंटी किती वर्षांची?' या दोन प्रश्नांतच संपते. 'तीन वर्षांची' असे उत्तर मिळाले की आपले समाधान होते. गुग्गुळाचा खडा तोडून, हुंगून, जाळून पाहिल्याशिवाय जो वैद्य तो विकत घेत नाही, तोच वैद्य संगणकाचे हमीपत्र न वाचता खोक्यात ठेवून खोके माळ्यावर टाकतो. आम्हीही तेच केले होते. त्याचा परिणाम काय झाला ते प्रथम सांगतो, कारण पुढील सर्व विवेचन त्या अनुभवातून आलेले आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे चिकित्सालय आहे. सन २०१० पासून आम्ही रुग्णनोंदी संगणकावर ठेवू लागलो. जून २०१४ मध्ये जुने यंत्र देऊन नवे घेतले. कंपनी नामांकित, वॉरंटी तीन वर्षांची, अभियंता जागेवर येऊन दुरुस्ती करणार. जुन्या यंत्रातील नोंदी नव्यात उतरवून घेतल्या आणि जुने यंत्र विक्रेत्यास देऊन टाकले. जुलै २०१६ मध्ये एके सकाळी संगणक सुरू होईना. तक्रार नोंदविली. चौथ्या दिवशी घाट उतरून कोल्हापुराहून अभियंता आला. त्याने तपासणी केली, हार्ड डिस्क निकामी झाल्याचे सांगितले, सोबत आणलेली नवी डिस्क बसविली, विंडोज घातले आणि कागद पुढे केला.

"डॉक्टर, मशीन ओके आहे. इथे सही करा."

"आणि आमच्या नोंदी?"

"डेटा वॉरंटीत येत नाही, डॉक्टर. तुमच्याकडे बॅकअप असेल ना?"

बॅकअप नव्हता. निदान जुनी डिस्क तरी ठेवून जा, पुण्या-मुंबईला कोणास दाखवू, असे आम्ही म्हणालो. त्यावर ती कंपनीत जमा करावी लागते, न केल्यास नव्या डिस्कचे पैसे भरावे लागतील, असे त्याने नम्रपणे सांगितले. बाहेर रुग्ण ताटकळत होते. आम्ही सही केली. कंपनीने हमीपत्रातील प्रत्येक शब्द पाळला होता. सहा वर्षांच्या नोंदी मात्र त्या अभियंत्याच्या पिशवीतून घाट चढून गेल्या.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास एक भगिनी अजीर्णाची व आमाची लक्षणे घेऊन आल्या. रुग्ण जुन्या, परंतु दोन-तीन वर्षांनी आलेल्या. आम्ही संजीवनी वटी दिली. तिसऱ्या दिवशी सर्वांगास कंडू आणि मुखावर शोथ घेऊन त्या परत आल्या. "मागे एकदा बिब्ब्याचं औषध दिलं होतं तेव्हाही असंच झालं होतं. तुम्ही लिहून ठेवलं होतं ना, डॉक्टर?" होय, लिहून ठेवले होते. 'भल्लातक असात्म्य' ही नोंद त्यांच्या पत्रिकेच्या शिरोभागी लाल अक्षरांत होती. संजीवनी वटीत भल्लातक असते हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक नव्हते ते त्यांचे असात्म्य, कारण उघडून पाहण्यास पत्रिकाच उरली नव्हती. तोंडी विचारावयास हवे होते. ते विचारले नाही हा आमचा प्रमाद, त्याचा दोष आम्ही डिस्कवर ढकलत नाही. औषध बंद करून खोबरेल व शीत उपचारांनी आठवड्याभरात त्यांस बरे वाटले. परंतु त्या दिवसापासून हमीपत्रे वाचण्याची आम्हांस सवय लागली.

गॅरंटी आणि वॉरंटी

बाजारात 'गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार' अशी व्याख्या रूढ आहे. ती कायद्यातील नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२६ मधील गॅरंटी म्हणजे तिसऱ्याने आपले वचन न पाळल्यास ते पूर्ण करण्याची जामीनकी, तिचा आपल्या खरेदीशी संबंध नाही. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १२ मध्ये विक्रीच्या कराराची कलमे दोन प्रकारची सांगितली आहेत. जे कलम कराराच्या मुख्य हेतूशी निगडित असते ती 'अट', आणि जे त्यास पूरक असते ती 'वॉरंटी'. अट मोडली तर ग्राहक करार रद्द झाला असे मानून माल नाकारू शकतो. वॉरंटी मोडली तर नुकसानभरपाई मागू शकतो, माल नाकारू शकत नाही. आपण दुकानात घासाघीस करून जी 'तीन वर्षे' मिळवितो ती या दुसऱ्या, दुर्बल वर्गातील आहे.

याच कायद्याच्या कलम १६ मध्ये एक गर्भित अटही आहे. ग्राहकाने आपला विशिष्ट उपयोग विक्रेत्यास सांगितला असेल आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो माल त्या उपयोगास योग्य असला पाहिजे. मात्र ठरावीक व्यापारी नाव सांगून मागितलेल्या वस्तूस ही अट लागत नाही. म्हणून अमुक कंपनीचा अमुक नमुना द्या असे म्हणण्याऐवजी 'चिकित्सालयात दिवसाचे दहा तास चालणारा, बिले व नोंदी ठेवणारा, दमट हवेत टिकणारा संगणक हवा' असे लिहून दरपत्रक मागवावे आणि ते बिलासोबत जपावे. एका कागदाचे काम आहे.

हमीपत्रावर बहुधा 'मर्यादित वॉरंटी' असा शब्द असतो, आणि त्या 'मर्यादित'चा विस्तार पुढील दोन-तीन पानांवर बारीक अक्षरांत असतो. उत्पादकाची जबाबदारी जास्तीत जास्त यंत्राच्या किमतीइतकी, बुडालेला व्यवसाय अथवा गेलेली माहिती यांची भरपाई नाही, बदलून दिलेला सुटा भाग 'नव्यासमान' म्हणजे दुरुस्त केलेला असू शकतो, आणि काढून घेतलेला भाग कंपनीच्या मालकीचा होतो, ही वाक्ये आम्ही पाहिलेल्या बहुतेक हमीपत्रांत कोणत्या ना कोणत्या रूपात आढळली. यांतील शेवटच्या वाक्यानेच आमच्या नोंदी नेल्या.

वर्षांपेक्षा स्थळ आणि काळ

वॉरंटीची वर्षे हा तिचा सर्वांत दर्शनी आणि सर्वांत कमी उपयोगी भाग होय, असे आमचे मत झाले आहे. चिकित्सालयाच्या दृष्टीने महत्त्वाचे दोन प्रश्न आहेत : दुरुस्ती कोठे होणार आणि किती वेळात होणार.

'कॅरी-इन' प्रकारात यंत्र उचलून सर्व्हिस सेंटरला आपणच न्यावयाचे असते. मुंबई-पुण्यात हे एका दुपारचे काम आहे. सावंतवाडी, अक्कलकुवा किंवा अहेरीच्या वैद्यास ते दोन दिवसांचे होते, आणि यंत्र तेथेच ठेवून यावे लागले तर परत आणण्यास आणखी एक खेप. 'ऑनसाइट' प्रकारात अभियंता येतो. त्यातही 'नेक्स्ट बिझनेस डे' असे लिहिलेले असते त्याचा अर्थ तक्रार केल्याच्या दुसऱ्या दिवशी संगणक सुरू होणार असा नाही. प्रथम दूरध्वनीवर तपासणी होते, ती पूर्ण होऊन भाग पाठविण्याचे ठरले की त्यानंतरच्या कामकाजाच्या दिवशी अभियंता येणे अपेक्षित असते, आणि दूरच्या पिनकोडसाठी यास दिवस वाढवून घेण्याची मुभा कंपनीने राखून ठेवलेली असते. आपल्या पिनकोडला प्रत्यक्ष काय लागू आहे हे खरेदीपूर्वी कंपनीच्या ग्राहकसेवेस विचारून ई-मेलने लेखी घ्यावे. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन येथे कामाचे नाही, कारण वॉरंटी त्याने दिलेली नसते, उत्पादकाने दिलेली असते.

एकाच कंपनीच्या घरगुती आणि व्यावसायिक अशा दोन मालिका असतात. घरगुती मालिकेतील लॅपटॉपला बहुधा एक वर्ष आणि व्यावसायिक मालिकेतील डेस्कटॉपला बहुधा तीन वर्षे ऑनसाइट, असा सर्वसाधारण भेद आहे. दुकानाच्या फळीवर दोन्ही सारखेच दिसतात. किमतीतील फरकापैकी मोठा वाटा या सेवेचा असतो, हे ध्यानात घेतल्यास महाग वाटणारे यंत्र तितके महाग राहत नाही. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची पुष्कळदा एकच वर्षाची असते. अमेरिकेतील वा दुबईतील नातेवाइकाने आणून दिलेल्या लॅपटॉपविषयी तर विशेष सावध राहावे. काही कंपन्यांची वॉरंटी देशापुरती असते, काहींची आंतरराष्ट्रीय असली तरी येथे न विकल्या जाणाऱ्या नमुन्याचे भाग येथे मिळत नाहीत.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते हेही पाहावे. कित्येकदा ती आपल्या बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर यंत्र कंपनीतून बाहेर पडल्याच्या तारखेपासून सुरू झालेली असते. विक्रेत्याकडे यंत्र पाच महिने पडून असेल तर ते पाच महिने आपल्या खात्यातून गेले. यंत्राच्या पाठीवरील अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की समाप्तीची तारीख दिसते. ती बिलाशी जुळत नसेल तर बिल पाठवून दुरुस्त करून घेता येते, पण ते पहिल्याच आठवड्यात करावे. तिसऱ्या वर्षी तक्रार करतेवेळी हा वाद घालणे म्हणजे रोग असाध्य झाल्यावर निदानपंचकाची चर्चा करण्यासारखे आहे. शार्ङ्गधरांनी चूर्णापासून घृत-तैलापर्यंत प्रत्येक कल्पाचा सवीर्यतावधी सांगितला आणि रसौषधी जुनी होईल तशी गुणवत्तर मानली. संगणक कोणत्या वर्गात मोडतो ते सांगावयास नको.

तेल, वाफ, धूर आणि अर्थिंग

वॉरंटी उत्पादनातील दोषास असते, वापरातील दोषास नसते. आपल्या व्यवसायात हा भेद फार महागात पडतो, कारण आपल्या वास्तूत जे जे असते ते ते संगणकास असात्म्य आहे. अभ्यंग करून आलेला परिचारक तेलकट हातांनी कळफलक वापरतो. स्वेदनाची वाफ शेजारच्या खोलीत पसरते. धूपनाचा धूर आणि चूर्ण भरताना उडालेली सूक्ष्म रज पंख्यावाटे आत ओढली जाऊन तेलाच्या पुटासह उष्णता-वाहकावर लिंपली जाते. संगणकाच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान साधारणतः ३५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि आर्द्रता 'दव न जमणारी' अशी दिलेली असते. या मर्यादेबाहेर वापर झाला असे अभियंत्याने लिहिले की दावा संपला. काही लॅपटॉपमध्ये पाण्याचा स्पर्श होताच रंग बदलणाऱ्या लहान चकत्या असतात. त्या लाल झालेल्या दिसल्या की 'काढा सांडलाच नव्हता' हे म्हणणे ऐकले जात नाही. सांडण्या-पडण्याचा धोका ज्यांना आहे त्यांनी अपघाती हानीचे संरक्षण वेगळे विकत घ्यावे. ते मूळ वॉरंटीचा भाग नसते.

कोकणात आणि घाटमाथ्यावर वळवाच्या दिवसांत वीज पडून यंत्रे जळतात. विजेचा आघात व दाबातील चढउतार हे जवळजवळ प्रत्येक हमीपत्रात वगळलेले आहेत. त्यासाठी दुकानाच्या अथवा चिकित्सालयाच्या विमा पॉलिसीत इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा समावेश आहे का ते पाहावे. ते वॉरंटीचे क्षेत्रच नव्हे.

अर्थिंगचा विषय मात्र स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतील खरखर गाळण्यासाठी लहान धारित्रे बसविलेली असतात आणि ती लोखंडी पेटीशी जोडलेली असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून गळणारा अल्प प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पेटीवर मुख्य दाबाच्या सुमारे निम्मा दाब तरंगत राहतो, आणि पेटीला हात लावल्यावर मुंग्या येतात. पुष्कळ जुन्या वास्तूंतील तीन छिद्रांच्या सॉकेटमधील तिसरे छिद्र शोभेचे असते, तार आतून जोडलेलीच नसते. अभियंता आला की अनेकदा प्रथम मीटर काढून न्यूट्रल व अर्थ यांमधील दाब मोजतो. तो साधारणतः २-३ व्होल्टच्या आत असावा लागतो. अधिक आढळला आणि त्याने तसे अहवालात लिहिले, तर मदरबोर्डच्या दाव्यावर पाणी सोडावे लागते. स्थानिक वायरमनकडून हे मोजमाप आधीच करून घ्यावे. खर्च एका बस्तीच्या शुल्काहून कमी येतो.

येथेच 'वैद्यकीय उपयोग' या शब्दाचाही विचार केला पाहिजे. आपण टेबलावर ठेवतो तो साधा संगणक वैद्यकीय उपकरण नव्हे. वैद्यकीय विद्युत उपकरणांसाठी आयईसी ६०६०१-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. रुग्णाभोवतीच्या दीड मीटर परिसराचा त्यात वेगळा विचार केलेला आहे, आणि अर्थिंग तुटले असतानाही स्पर्शातून जाणारा प्रवाह ०.५ मिलिअँपिअरपेक्षा अधिक असू नये असे बंधन आहे. साध्या संगणकाच्या सुरक्षा-मानकात अर्थच्या तारेतील प्रवाहास ३.५ मिलिअँपिअरपर्यंत मुभा असते. ही तार तुटली तर तोच प्रवाह पेटीला स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून जाऊ शकतो. तैलाने माखलेला, ओल्या द्रोणीवर झोपलेला रुग्ण आणि हाताच्या अंतरावर संगणक, ही रचना म्हणूनच टाळावी. साध्या संगणकांच्या कागदपत्रांत, जीवरक्षक वा तत्सम यंत्रणेत हे उत्पादन वापरल्यास आम्ही जबाबदार नाही, अशा आशयाचे कलम पुष्कळदा असते. ईसीजीसारखे यंत्र संगणकाला जोडणाऱ्यांनी त्या यंत्राच्या उत्पादकास, कोणत्या संगणकासोबत ते जोडण्यास त्याची संमती आहे, हे लेखी विचारावे. अन्यथा बिघाड झाल्यावर यंत्रवाला संगणकाकडे आणि संगणकवाला यंत्राकडे बोट दाखवितो.

डिस्क कोणाची?

बदललेला भाग कंपनीचा, हा नियम पंख्यास किंवा मॉनिटरला लागू होतो तेव्हा आपले काही बिघडत नाही. डिस्कला लागू होतो तेव्हा रुग्णाने विश्वासाने सांगितलेले सर्व काही त्याबरोबर जाते. मोठ्या उत्पादकांकडे यावर उपाय आहे. निकामी डिस्क ग्राहकाकडेच ठेवण्याची सेवा डेल 'कीप युअर हार्ड ड्राइव्ह', एचपी 'डिफेक्टिव्ह मीडिया रिटेन्शन' आणि लेनोव्हो 'कीप युअर ड्राइव्ह' या नावांनी देतात. ती व्यावसायिक मालिकेसोबत वेगळी रक्कम भरून घ्यावी लागते, आणि विक्रेता स्वतः होऊन तिचे नाव काढत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याची बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लहान चिकित्सालयास कोणी एवढा दंड करील असे आम्ही म्हणत नाही, परंतु 'डिस्क कंपनीने नेली' हे उत्तर यापुढे पुरेसे ठरणार नाही.

डिस्क सांकेतिक कुलपात ठेवणे हा दुसरा उपाय. विंडोजमध्ये बिटलॉकर नावाची ती सोय आहे आणि नव्या लॅपटॉपवर ती बहुधा आपोआपच चालू झालेली असते. परंतु तिचा एक गुंता पुष्कळांस माहीत नसतो. कुलपाची खूण मदरबोर्डवरील चिपमध्ये राहते. वॉरंटीत मदरबोर्ड बदलला की संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागतो, तो नसेल तर धडधाकट डिस्कही उघडत नाही. हा क्रमांक यंत्र प्रथम सुरू करताना दिलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेला असतो. पुष्कळ ठिकाणी ते खाते विक्रेत्याच्या मुलाने स्वतःच्या ई-मेलवर उघडून दिलेले असते. आपल्या यंत्राचे खाते कोणाच्या नावे आहे ते पाहावे आणि क्रमांक कागदावर लिहून नोंदणी प्रमाणपत्राच्या फाईलमध्ये ठेवावा.

औषधालयधारकांस यात आणखी एक अडचण येते. बिलिंगच्या काही सॉफ्टवेअरचा परवाना विशिष्ट डिस्कशी किंवा मदरबोर्डशी बांधलेला असतो. भाग बदलला की सॉफ्टवेअर अनोळखी यंत्र समजून बंद पडते. संगणकाची कंपनी म्हणते यंत्र ठीक आहे, आणि ते खरेही असते. परवाना नव्या भागावर विनामूल्य हलवून मिळेल का, हे सॉफ्टवेअर घेतानाच ठरवावे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. जे औषधालय ॲलोपॅथिक औषधेही ठेवते त्यास शेड्यूल एच-१ मधील औषधांची नोंद तीन वर्षे ठेवणे १ मार्च २०१४ पासून बंधनकारक आहे. म्हणजे यंत्राची हमी तीन वर्षांची आणि त्यातील हिशेबाची जबाबदारी सहा वर्षांहून अधिक. हे अंतर कोणतीही वॉरंटी भरून काढत नाही.

आम्ही आता रोज सायंकाळी चिकित्सालय बंद करताना एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतो, ती डिस्क घरी नेतो, आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो. उघडून पाहणे महत्त्वाचे. एका औषधालयधारक मित्राने दीड वर्ष नेमाने बॅकअप घेतला होता, तो रिकाम्या फोल्डरचा.

जुळणी केलेला संगणक

तालुक्याच्या गावी पुष्कळ औषधालयांत स्थानिक तंत्रज्ञाने जुळवून दिलेला संगणक असतो. त्याची निंदा करण्याचे कारण नाही. तंत्रज्ञ हाकेच्या अंतरावर असतो, आणि हीच मोठी ऑनसाइट सेवा आहे. परंतु अशा यंत्राला एक वॉरंटी नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते. खोक्यातून आलेल्या इंटेल प्रोसेसरला तीन वर्षे, साध्या हार्ड डिस्कला बहुधा दोन, काही कंपन्यांच्या मेमरीला आजीवन. एसएसडीला वर्षांबरोबर लिखाणाची मर्यादाही असते. पाच वर्षे किंवा ६०० टेराबाइट लिखाण, यांपैकी जे आधी होईल ते, असे त्यावर लिहिलेले असते. औषधालयाच्या बिलांनी ती मर्यादा गाठली जात नाही, तिची चिंता करू नये. खोक्याविना सुटा आलेला प्रोसेसर स्वस्त पडतो, मात्र त्याची जबाबदारी उत्पादक घेत नाही, विक्रेता घेतो. तेव्हा बिलावर 'संगणक संच १' असे मोघम न लिहिता प्रत्येक भागाचे नाव, अनुक्रमांक आणि मुदत लिहून घ्यावी, आणि प्रोसेसर व डिस्कची खोकी जपून ठेवावी.

तक्रार नाकारली गेली तर

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. 'व्यापारी उद्देशाने' घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार त्याखाली ग्राहक ठरत नाही, आणि कंपनीचे वकील प्रथम हाच मुद्दा काढतात. परंतु स्वयंरोजगारातून उपजीविका मिळविण्यासाठीच घेतलेली व स्वतः वापरलेली वस्तू या अपवादाबाहेर ठेवलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. स्वतः चालविण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहकच होय, आणि मदतीस एक-दोन माणसे असल्याने त्यात फरक पडत नाही. २०१९ साली लीलावती कीर्तीलाल मेहता वैद्यकीय न्यासाच्या प्रकरणात, रुग्णालयाने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिका हा व्यापारी उद्देश नव्हे, असे त्याच न्यायालयाने ठरविले. त्या खरेदीचा नफा मिळविण्याच्या व्यवहाराशी थेट संबंध आहे का, हे तेथे पाहिले गेले. एकट्याने व्यवसाय करणाऱ्या वैद्याची व स्वतः गल्ल्यावर बसणाऱ्या औषधालयधारकाची बाजू या निकषांवर भक्कम आहे. चार शाखा व पगारी संगणकचालक असलेल्या पेढीची तितकी नाही, तिने दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरून चालावे.

तक्रार जिल्हा आयोगात, आपण जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथेच करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात.

मात्र यासाठी कागद लागतात. दूरध्वनीवर केलेल्या तक्रारीचा क्रमांक, अभियंत्याने भरलेली जॉब शीट, आणि नाकारण्याचे लेखी कारण. 'काम समाधानकारक झाले' या छापील ओळीखाली आपण सही करतो, ती ओळ वाचावी. समाधान नसेल तर सहीशेजारी मराठीत तसे लिहावे. 'हार्ड डिस्क रुग्णनोंदींसह कंपनीने नेली, अनुक्रमांक अमुक' एवढे लिहावयास अर्धे मिनिट लागते. रुग्ण ताटकळत असतात हे खरे, पण ते आणखी अर्धे मिनिट थांबतील.

मुदत संपण्यापूर्वी वॉरंटी वाढवून घेणे सोपे असते. संपल्यानंतर काही कंपन्या यंत्राची तपासणी केल्याशिवाय, तर काही मुळीच वाढवून देत नाहीत. पुढे वार्षिक देखभालीचा करार करावयाचा झाल्यास तो सुट्या भागांसह आहे की केवळ मजुरीचा, हे प्रथम विचारावे, कारण दोहोंच्या दरांत मोठा फरक असतो. आम्ही समाप्तीची तारीख संगणकाच्या पेटीवर चिठ्ठी चिकटवून लिहितो, जशी चूर्णाच्या बरणीवर लिहितो, आणि तिच्या दोन महिने आधीची खूण भिंतीवरच्या कालनिर्णयात करून ठेवतो.